सुट्टीची किंमत

लाल अक्षरं आली असती तर बरं झालं असतं.
लाल अक्षरांची मग ट्रेसबॅककडे चौकशी करता येते:
कुणी कुणाला हाक मारली, त्यानं पुढं कुणाला,
आणि शेवटी कुणाचा पाय घसरला.
हे फंक्शन तसलं नाही.
हे निमूट आकडा देतं,
हिशेबात कधी न अडखळलेल्या कारकुनासारखं,
आणि आकडा चुकतो.
शुक्रवारी कमी, रविवारी जास्त.
बाकीचे पाच दिवस देवमाणूस.

हमदी म्हणाला, मंगफ शुक्रवारी उशिरा उठतं,
मग सगळ्यांच्या आंघोळी एकदम, नमाजाच्या आधी,
मग मचबूसची पातेली, मग ती घासायची.
तुझ्या आलेखाला हे कुणी सांगितलंच नाही का?

खिडकीबाहेर एकोणपन्नास अंश.
दूर शुऐबाची धुराडी, त्यांच्या पायाशी
समुद्र उकळून गोड करायचं काम चाललेलं.
किती करायचा, ते आमच्या आकड्यावर.

फंक्शनच्या पोटात एक ओळ घातली: ब्राउझर.
ते मध्येच थांबलं. मी आत.
गच्चीवरच्या टाकीत टॉर्च घेऊन उतरावं तसं,
घोट्याइतकं पाणी, आवाज घुमतो.
एन दाबला. एक ओळ. ठीक.
एन. सरासरी ठीक.
एन. तापमान ठीक, रमजान वगळलेला, ठीक.

मिरजेत सतारमेकर गल्लीत माझी खोली माडीवर,
खाली दस्तगीरचाचा जवारी काढायचे.
कानस एकदा फिरवायची, तार एकदा छेडायची,
ऐकायचं.
पुन्हा एकदा. पुन्हा ऐकायचं.
मला तेव्हा वाटायचं, हा माणूस काहीच करत नाहीये.

एन.
सुट्टी असेल तर सकाळ दोन तास पुढं ढकल.
सुट्टी?
हे नाव मी आत कुठंच दिलेलं नाही.
विचारलं त्याला, सुट्टी म्हणजे काय तुझ्या लेखी?
लगेच म्हणालं: रविवार.

नियम ठाऊक आहे, दोन बॅचना शिकवलाय.
आत नाव सापडलं नाही तर फंक्शन बाहेर शोधतं,
पण हाक जिथून आली तिथं नाही.
जिथं लिहिलं गेलं, तिथं.
फाइलीच्या अगदी वर, सात वर्षांपूर्वीची माझीच ओळ,
सुट्टी, डावीकडं बाण, रविवार.
माडीवर लिहिलेली, खालून तार येत असताना.
कुवेतनं कितीही हाका मारू देत,
हे उत्तर आणायला मिरजेला जाणार.

हसू आलं. मग नाही आलं.

मीही गेली तीन वर्षं
रविवारी पहाटे उगाच जास्त झोपते
आणि कंपनीची बस चुकवते.
शुक्रवारी अकराला घरी फोन लावते,
तिकडं दीड, सौमित्र शाळेत,
विश्राम दुकानात, फोन वाजतो
आणि सासूबाई म्हणतात, अगं, आज कसा काय केलास?
दर शुक्रवारी. त्याच आश्चर्यानं.

वरची ओळ पुसली.
सुट्टी आता बाहेरून सांगावी लागते, दर वेळी, नावानिशी.
नाही सांगितली तर ते आता चक्क अडून बसतं,
लाल अक्षरांत.
पुढच्या शुक्रवारी रेघ
खऱ्या पाण्याच्या बाजूबाजूनं गेली, दुपारपर्यंत.
दुपारनंतर थोडी सुटली. ते वेगळं काहीतरी आहे.
हमदीनं बासबूसा आणला.

ब्राउझरची ओळ काढायची मात्र राहून गेली.
रात्री अडीचला सर्व्हरनं फंक्शन बोलावलं,
ते पहिल्या वळणाला थांबलं,
आणि सकाळपर्यंत तसंच,
पुढं काय, विचारत.